वाचकांचे प्रश्न : अकौंटंट म्हणून परदेशी स्थायिक होताना

कोल्हापूर, इचलकरंजी आणि कागल भागातून गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार येतो : सी.ए. किंवा एम.कॉम. झाल्यावर 'स्किल्ड मायग्रेशन'ने, म्हणजे वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांच्या गुणांवर मिळणाऱ्या व्हिसाने, बाहेर जायचे कसे? बहुतेकांचा रोख ऑस्ट्रेलियावर आहे, म्हणून उत्तरांतही तिथलेच नियम जास्त आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी सी.ए. आहे, वय ३१. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात पात्रतेनंतरची सहा वर्षे नोकरी. पत्नी बी.एस्सी. आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसात, पण रायटिंगला साडेसहा. ६५ गुण लागतात असे वाचले. माझे होतात का? (राजारामपुरी)

आज होत नाहीत. कागद घेऊन बेरीज करू. वय २५ ते ३२ ला ३० गुण. पदवीच्या पातळीची पात्रता, १५. परदेशातला म्हणजे तुमच्या बाबतीत भारतातला अनुभव पाच ते आठ वर्षांच्या आत, १०. झाले ५५. इंग्रजीत गुण मिळतात ते चारही भागांत ७ असतील तर १०, चारही भागांत ८ असतील तर २०. एकूण सरासरी कुणी विचारत नाही. रायटिंगच्या साडेसहामुळे तुमचे इंग्रजीचे गुण शून्य.

त्याच साडेसहाचा दुसरा फटका आधीच बसतो. व्हिसाच्या अर्जाआधी कौशल्याची तपासणी, म्हणजे स्किल असेसमेंट लागते. लेखापालांसाठी ती सीपीए ऑस्ट्रेलिया, चार्टर्ड अकौंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड किंवा इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अकौंटंट्स या तिघांपैकी एक संस्था करते, आणि तिथेही इंग्रजीची अट प्रत्येक भागात ७ चीच आहे. परीक्षा देताना अकॅडमिक प्रकार घ्या, तो दोन्हीकडे चालतो. पीटीई (आयईएलटीएसऐवजी चालणारी दुसरी इंग्रजी परीक्षा) देणार असाल तर ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक भागासाठी वेगवेगळे गुण लागतात. '६५ आणि ७९' हे क्लासच्या भिंतींवरचे जुने आकडे धरून तयारी करू नका.

आता पुढची बेरीज. चारही भागांत ७ आले तर ६५, चारही भागांत ८ आले तर ७५. पत्नीने 'कॉम्पिटंट' पातळीचे इंग्रजी, म्हणजे प्रत्येक भागात ६, दाखवले की ५ गुण : ८०. मराठीची सीसीएल परीक्षा (तिच्याबद्दल खाली लिहिले आहे) आणखी ५ : ८५. ज्या सरकारी व्यवसाययादीत लेखापाल येतो त्याच यादीत पत्नीचा स्वतःचा व्यवसाय असेल आणि तिचीही कौशल्य तपासणी झाली, तर तिच्या ५ ऐवजी १० मिळतात : ९०.

हे एवढे कशाला? ६५ ला फक्त अर्ज रांगेत उभा राहतो. लेखापालांची गर्दी प्रचंड आहे आणि या व्यवसायाला मिळणारी आमंत्रणे, म्हणजे व्हिसाचा अर्ज करा असे सरकारचे बोलावणे, मोजकी असतात. मागच्या काही वर्षांत १८९ क्रमांकाच्या स्वतंत्र व्हिसासाठी लेखापालांना ९० ते ९५ च्या घरात गुण असल्याशिवाय आमंत्रण आलेले नाही. राज्याने नामांकन दिले तर १९० व्हिसासाठी ५ गुण जास्त मिळतात आणि ४९१ या प्रादेशिक व्हिसासाठी १५. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडले तर उरलेला देश प्रादेशिक धरतात. पर्थ आणि ॲडलेडसुद्धा त्यातच येतात, त्यामुळे ४९१ म्हणजे ओसाड रानात राहणे नव्हे. तो पाच वर्षांचा असतो. तीन वर्षे तिथे राहून, काम करून, कराची विवरणे दाखवली की १९१ या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. मात्र राज्यांच्या याद्या दरवर्षी बदलतात आणि देशाबाहेरून अर्ज करणाऱ्या लेखापालाला नामांकन देणारी राज्ये थोडी असतात. प्रत्येक राज्याच्या संकेतस्थळावर जुलैनंतर स्वतः जाऊन पाहावे.

तुमच्या वयाबद्दल एक गोष्ट. वयाची ३३ वर्षे पूर्ण झाली की ३० चे २५ होतात, आणि हिशोब आमंत्रणाच्या दिवशीच्या वयावर होतो, अर्जाच्या नाही. पण अनुभवाची आठ वर्षे पूर्ण झाली की १० चे १५ होतात. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी घडतील, म्हणजे बेरीज तीच राहील. म्हणून घाईघाईने अर्धवट कागदपत्रे लावण्यापेक्षा इंग्रजीच्या ८ मागे लागा. एका झटक्यात २० गुण देणारी तेवढी एकच जागा तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मी एका फाउंड्रीत सात वर्षे अकौंट्स बघते. सी.ए. त्याआधीच झाले. मालकांनी अनुभवाचे पत्र दिले, पण सल्लागार म्हणतो हे चालणार नाही. पहिली दोन वर्षे पगार रोखीत होता. (गोकुळ शिरगाव)

सल्लागाराचे खरे आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात दोनच वाक्ये आहेत : 'सदर व्यक्ती आमच्याकडे अकौंटंट म्हणून कार्यरत आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे.' बँकेच्या कर्जाला हे चालून जाईल, इथे नाही. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकलेले दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवे. त्यात रुजू झाल्याची तारीख, आजपर्यंत आहात की सोडले, पद, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, कामाची यादी, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, फोन व ईमेल. आठवड्याला किमान २० तास आणि पगारी काम, ही किमान अट आहे.

कामाची यादी हाच पत्राचा जीव. आपल्याकडे मालक लिहितात : टॅलीमध्ये एंट्री, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन. प्रत्यक्षात तुम्ही कितीही मोठे काम करत असा, या चार गोष्टी वाचून तपासणारा तुम्हाला हिशेबनीस किंवा अकौंट्स क्लार्क ठरवतो, आणि ते व्यवसाय यादीत बसत नाहीत. फाउंड्रीत तुम्ही जे खरोखर करता ते लिहा : मेल्टिंग लॉस धरून प्रति किलो कास्टिंगचा खर्च काढणे, महिन्याचे बजेट आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक मालकांपुढे मांडणे, कॅश क्रेडिटसाठी बँकेला द्यायची स्टॉक व येणे-बाकीची विवरणे, वर्षअखेरीचा ताळेबंद, वैधानिक लेखापरीक्षकाच्या शंकांची उत्तरे, आयकर मूल्यांकनाची तयारी. प्रत्येकापुढे वेळेचा अंदाजे टक्का टाकला तर उत्तम. आणि निवडलेल्या व्यवसायाला ते जुळले पाहिजे. खर्च काढणे आणि बजेट हे निम्म्याहून जास्त असेल तर 'मॅनेजमेंट अकौंटंट' जवळचा. ताळेबंद आणि कर जास्त असेल तर 'अकौंटंट (जनरल)'.

यादी खरीच असली पाहिजे. तपासणारे मालकांना फोन करतात. पत्रात बजेट आणि व्हेरियन्स, आणि फोनवर मालक म्हणाले 'हो, टॅली बघत्यात त्या', की संपले. पत्राची एक प्रत मालकांच्या टेबलाच्या खणात ठेवायला सांगा आणि त्यातले प्रत्येक वाक्य त्यांच्याशी बसून बोला.

पत्राच्या जोडीला पगाराचा पुरावा : फॉर्म १६, फॉर्म २६एएस, पगार जमा झालेल्या बँक खात्याचे उतारे, सॅलरी स्लिपा, पीएफचे पासबुक, आयकर विवरण. सगळे नसेल तरी प्रत्येक वर्षासाठी दोन स्वतंत्र कागद असावेत, त्यातला एक मालकाव्यतिरिक्त दुसऱ्याने दिलेला. आयकर खाते, बँक आणि पीएफ हे ते 'दुसरे'.

रोखीच्या दोन वर्षांबद्दल : तो पगार तुमच्या त्या वर्षीच्या विवरणात दाखवलेला असेल आणि मालकांच्या वहीत पगार म्हणून पडला असेल, तर विवरण, मालकांच्या खात्याचा उतारा आणि नेमणूकपत्र जोडून प्रयत्न करता येतो. दोन्हीकडे नसेल तर ती वर्षे सोडून द्या. तुमची पाच वर्षे पक्की उरतात आणि १० गुण तेवढ्यालाच मिळतात. सातच्या हव्यासाने पाच धोक्यात घालू नका. आज जुन्या तारखेच्या स्लिपा छापणे म्हणजे खोटे कागद. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत खोट्या कागदासाठी अर्ज फेटाळून तीन वर्षे बंदी आहे, आणि ओळखीबाबत खोटेपणा असेल तर दहा वर्षे.

आर्टिकलशिपची वर्षे बहुतेकांना मोजाविशी वाटतात. ते पात्रतेआधीचे प्रशिक्षण आहे, ते धरू नका.

स्वतःची प्रॅक्टिस असलेल्यांनीही विचारले आहे. तुम्हाला पत्र देणारा मालक नाही, म्हणून पुरावा तुमच्या कागदांतूनच उभा करायचा : आयसीएआयचे, म्हणजे सी.ए.ंच्या संस्थेचे, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, फर्म नोंदणीचा दाखला, प्रत्येक वर्षाचे विवरण, फी जमा झालेले चालू खाते, आणि अशिलांची कामाचे स्वरूप व कालावधी सांगणारी पत्रे. २०१९ पासून प्रमाणपत्रे, टॅक्स ऑडिट आणि सगळ्याच ऑडिटना टप्प्याटप्प्याने यूडीआयएन, म्हणजे सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा स्वतंत्र क्रमांक, सक्तीचा झाला. त्या पोर्टलवरची तुमची वर्षनिहाय यादी हा कामाचा फार चांगला, तारखेसकट पुरावा आहे. तो लोक जोडायला विसरतात.

प्रश्न : माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. शिवाय मार्कलिस्टवर आडनाव आधी आहे. अडेल का? (शाहूपुरी)

अडू नये, पण आधी निस्तरून ठेवा. पासपोर्टवरचे नाव हेच मूळ धरा. इंग्रजी परीक्षा, कौशल्य तपासणी आणि व्हिसा, सगळीकडे तेच. इंग्रजी परीक्षेला नोंदणी करताना घरच्या सवयीने वडिलांचे नाव मधे घातले आणि पासपोर्टवर पतीचे असेल तर तो निकाल पुढे अडचणीचा ठरतो. माहेरचे नाव अर्जात 'इतर नावे' या रकान्यात लिहा, सोबत विवाह नोंदणी दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडा. आडनाव आधी की नंतर, हा क्रम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या कागदांवर नेहमीच उलटा असतो. त्याच प्रतिज्ञापत्रात एका ओळीत त्याचा उल्लेख करा.

शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मागवताना त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रमही मागून ठेवा. विषय जुळवताना तपासणी संस्था तो मागू शकते, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम शोधायला वेळ लागतो. सी.ए.ची ट्रान्सक्रिप्ट आयसीएआयकडून वेगळी.

प्रश्न : मराठीच्या परीक्षेचे पाच गुण खरेच मिळतात? मराठी मातृभाषा असल्यावर तयारी काय करायची? (उत्तरेश्वर पेठ)

खरेच मिळतात. 'नाटी' ही ऑस्ट्रेलियाची भाषांतरकारांना मान्यता देणारी संस्था. तिची सीसीएल परीक्षा मराठीतही होते, ऑनलाइन. दोन संवाद ऐकवतात, प्रत्येकी सुमारे ३०० शब्दांचा. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी, आणि प्रत्येक तुकड्यानंतर तुम्ही तो दुसऱ्या भाषेत सांगायचा. एक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा. प्रत्येक संवादाला ४५ गुण, एकूण ९०. उत्तीर्ण व्हायला ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात किमान २९. निकाल तीन वर्षे चालतो.

मराठी येते म्हणून न तयारी करता बसणारे इथे नापास होतात. गुण जातात ते गाळण्याने : तुकड्यात तारीख, रक्कम आणि अट अशा तीन गोष्टी असतात, त्यातली एक राहते. टिपणे काढायची मुभा आहे, तेव्हा आकडे आणि नावे लिहून घ्या, बाकी लक्षात ठेवा. विषय दवाखाना, भाडेकरार, विमा, कोर्ट, शाळाप्रवेश, सरकारी मदत असे असतात. रोजच्या बोलण्यात आपण हे अर्धे इंग्रजीत बोलतो. जामीन, तारण, हप्ता, अनामत रक्कम, थकबाकी, संमतीपत्र, दुष्परिणाम असे शब्द जिभेवर असावेत. घरात कुणाला तरी वर्तमानपत्रातल्या दोन-दोन ओळी वाचायला सांगून लगेच इंग्रजीत सांगायचा सराव महिनाभर करा. अकौंटंटच्या बेरजेत सगळ्यात कमी कष्टाचे पाच गुण हेच आहेत.

प्रश्न : एक एजन्सी चार लाखांत 'नोकरीसह पीआर'ची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) हमी देते. अनुभवाचे पत्रही तेच बघतात म्हणे. (इचलकरंजी)

पैसे देऊ नका. आमंत्रणाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि 'पत्र आम्ही बघतो' याचा अर्थ वर सांगितलेली तीन वर्षांची बंदी तुमच्या नावावर.

ईओआय, म्हणजे इच्छा नोंदवणे, सरकारच्या स्किलसिलेक्टवर मोफत आहे आणि ती नोंद दोन वर्षे राहते. आमंत्रण आले की ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज. मुख्य अर्जदाराची फी जुलै २०२५ पासून ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर, पती किंवा पत्नीची त्याच्या निम्मी, मुलांची साधारण पावपट. जोडीदाराला किमान इंग्रजी येत असल्याचे सिद्ध झाले नाही तर आणखी जवळपास मुख्य फीएवढीच रक्कम भरावी लागते. ती वाचवायचा मार्ग सोपा आहे : जोडीदाराची पदवी पूर्ण इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर कॉलेजकडून तसे पत्र घ्या.

ईओआयमध्ये जितके गुण लिहाल तितके नंतर सिद्ध करावे लागतात. एक वर्ष जास्त लिहिले आणि आमंत्रण त्याच गुणांवर आले, तर व्हिसा नाकारला जातो आणि फी परत मिळत नाही. एजंट गुण फुगवून आमंत्रण आणून दाखवतात, त्याचा शेवट असा होतो.

मदत हवीच असेल तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेला सल्लागार घ्या. त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत तुम्हाला स्वतः तपासता येतो. ईओआयवर ईमेल आणि पासवर्ड तुमचाच असू द्या. एजंटचा ईमेल घातला तर आमंत्रण आले की नाही, हेही तुम्हाला त्याच्याकडूनच कळते.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मागता येतो. कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळते का ते आधी पाहा. वैद्यकीय तपासणी मात्र ऑस्ट्रेलियाच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते. घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही.

प्रश्न : बी.कॉम., सी.ए. इंटर झाले, फायनल राहिली. पतसंस्थेत नऊ वर्षे. माझे जमेल? (गडहिंग्लज)

इंटर ही स्वतंत्र पात्रता धरत नाहीत, त्यामुळे तपासणी तुमच्या बी.कॉम.ची होईल. दोन गोष्टी पाहतात : ती पदवी ऑस्ट्रेलियन पदवीच्या बरोबरीची ठरते का, आणि ठरावीक विषय झालेत का. विषय कमी पडला तर सीपीए ऑस्ट्रेलियाच्या फाउंडेशन परीक्षांतून भरून काढता येतो. फायनलचा एखादा ग्रुपच राहिला असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : आधी तो काढा. सी.ए.चे सदस्यत्व पदवीच्या बरोबरीचा प्रश्नच मिटवते.

प्रश्न : मग कॅनडा किंवा इंग्लंड सोपे नाही का? (ताराबाई पार्क)

सध्या नाही. कॅनडात लेखापाल व्यवसायांच्या यादीतल्या १११०० या संकेतांकात मोडतो आणि पात्रतेचे १०० पैकी ६७ गुण सी.ए.ला सहज होतात. पण पुढच्या स्पर्धेत नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, आणि आरोग्य, बांधकाम अशा ज्या खास गटांना कमी गुणांवर बोलावतात त्यांत लेखापाल नाही. फ्रेंच येणाऱ्यांचा गट वेगळा आहे. दोन वर्षे मन लावून फ्रेंच शिकायची तयारी असेल तर तो खरा रस्ता आहे. इंग्लंडला आधी परवानाधारक मालकाची नोकरी हवी आणि जुलै २०२५ पासून पगाराची साधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड. मोठ्या फर्मच्या मुंबई-पुणे कार्यालयातून बदली होणाऱ्यांना ते जमते, कोल्हापुरातून थेट क्वचितच.

प्रश्न : वडिलांची कागलजवळ ऊसशेती आहे, सातबाऱ्यावर माझेही नाव आहे. गेल्यावर जमीन, पीपीएफ, बँकखाते यांचे काय? (कागल)

जमीन राहते. निवासी असताना नावावर झालेली शेतजमीन अनिवासी झाल्यावरही ठेवता येते, आणि वारसाने आणखी आली तर तीही घेता येते. अनिवासी झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. शेजारचा तुकडा घेण्याचा विचार असेल तर तो जाण्याआधी पूर्ण करा. मुखत्यारपत्र इथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. तिथून वकिलातीत केलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि गावी आलेले पाकीट कपाटात पडून ती मुदत निघून जाते.

साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे खाते, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही. बरोबर नेण्याच्या पैशावर, आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर) कापते. ते विवरण भरून परत मिळते, पण तोवर अडकून राहते, म्हणून रक्कम मार्च आणि एप्रिलमध्ये विभागून पाठवावी.

आणि उसाचे बिल. भारतात शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून ते कुठेच दाखवायचे नाही असा समज घेऊन लोक जातात. १८९ किंवा १९० व्हिसावर तिथले कर-निवासी झालात की जगभरचे उत्पन्न तिथल्या विवरणात येते, कारखान्याकडून आलेल्या बिलातला तुमचा वाटाही. ४९१ वर असताना, तो तात्पुरता व्हिसा असल्यामुळे, परदेशातल्या अशा उत्पन्नाला बहुधा सूट मिळते. मात्र जोडीदार ऑस्ट्रेलियन नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर ती मिळत नाही. तिथले आर्थिक वर्ष जुलै ते जून असते, तेव्हा एकाच गळीत हंगामाची बिले आपल्याकडे दोन वर्षांत आणि तिथे एका वर्षात पडू शकतात. वडिलांकडून कारखान्याची बिले आणि वाटणीचा हिशोब दर हंगामाला मागवून ठेवा.